रसूलच्या घरापर्यंतची तार

बब्रुवानकडे दुरुस्तीला गेलेली वस्तू परत येत नाही, हे सास्तुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणूस लबाड नव्हता, उलट फार सरळ होता. ढोकीच्या साखर कारखान्यात त्यानं वायरमन म्हणून उभी हयात काढली होती आणि त्याच्या हाताला काम कळत होतं. खोड एकच. वस्तू उघडून तिच्या पोटात काय आहे ते पाहिलं की त्याचं मन भरायचं, आणि ती बंद करायची वेळ आली की नेमकी दुसरीच एखादी वस्तू डोळ्यांत भरायची. त्याची बायको गिरिजाबाई म्हणायची, "बरं झालं ह्यांनी डॉक्टरकी केली न्हाय."

अलीकडे त्याच्याकडे यायचे ते ब्लूटूथचे स्पीकर. तुळजापूरला देवीला जाऊन आलेलं प्रत्येक घर कुंकू, बांगड्या आणि हा एक डबा घेऊन परतायचं. पाण्याच्या बाटलीएवढा, दोन्ही टोकांना लुकलुकणारे दिवे, आणि दुकानदाराची जन्मभराची हमी. नवरात्रात तो गल्ली दणाणून सोडायचा, दिवाळीत घोगरा व्हायचा आणि संक्रांतीपर्यंत मुका. मग कुणीतरी तो बब्रुवानच्या ओट्यावर आणून ठेवायचं आणि "बघा बरं काय हुतंय का," असं म्हणून जायचं. परत न्यायला फारसं कुणी येत नसे. येऊन उपयोग नव्हताच. बघता बघता खताची एक गोणी भरली.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी जेवणं उरकल्यावर बब्रुवाननं ती अख्खी गोणी ओट्यावर ओतली.

"आता ह्याचं काय लोणचं घालायलाव का?" गिरिजाबाईनं आतून विचारलं.

"रसूलसाठी करायलोय कायतरी," तो म्हणाला.

एरवी यावर तिनं चार शब्द तरी सुनावले असते. रसूलचं नाव ऐकलं आणि ती जुनी चादर घेऊन बाहेर आली आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून ओट्यावर अंथरून गेली.

रसूल शेख हा बैलांचा दलाल. पंचक्रोशीतल्या सगळ्या बैलबाजारांत त्याचा दबदबा होता. खाली रुमालाआड बोटांनी भाव चालायचा आणि वर तोंडाचा पट्टा. म्हातारा बैल विकताना तो त्याची अशी काही तारीफ करायचा, की विकणाऱ्यालाच वाटायचं, हा बैल घरीच ठेवावा. त्याच्यासारखा बोलणारा माणूस बब्रुवाननं दुसरा पाहिला नव्हता, आणि बब्रुवान स्वतः मुखदुर्बळ असल्यामुळे दोघांचं फार छान जमायचं. एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं. लहानपणापासून हा कारभार असाच चालत आला होता.

गेल्या उन्हाळ्यात रसूलला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागला आणि जीभ जड झाली. डोकं शाबूत होतं. पण बोलायला लागला की तोंडात घास कोंबून बोलल्यासारखं काहीतरी बाहेर पडायचं. भेटायला येणारा माणूस दोनदा "काय? काय म्हणलासा?" करायचा आणि मग रसूलच्या सुनेकडे, मिनाजकडे बघायचा. मिनाजला थोडंफार कळायचं, ती सांगायची. ज्याच्या शब्दावर अख्खा बाजार हलायचा त्याचा शब्द आता सून पोचवायला लागली. रसूलनं काही दिवस हे सोसलं आणि मग बोलणंच सोडलं. माणूस आलं की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मुलगा फारुख टेम्पोवर. आठवड्यातून एखाददुसरा दिवस घरी. त्याच्याशीही हूं की चूं नाही.

लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी मिनाजला स्वच्छ सांगितलं होतं, "बोलत राहिले तर जीभ सुटेल. गप्प बसले तर आहे तेवढंही जाईल."

रसूल बोलायचा तो एका बब्रुवानशीच. बब्रुवान रोज दुपारी जाऊन त्याच्या खाटेशी बसायचा. रसूल बोलायचा, आणि बब्रुवान मान डोलवत "व्हय, व्हय," "खरं हाय," "तर काय," असं म्हणायचा. मिनाजला वाटायचं, जुने दोस्त, यांना एकमेकांचं बरोबर कळतं. खरी गोष्ट अशी होती, की बब्रुवानला काहीएक कळत नव्हतं. एकदोनदा त्यानं "काय?" म्हणून पाहिलं होतं, पण रसूलचा चेहरा असा पडला की पुन्हा त्याची हिंमत झाली नाही. तेव्हापासून तो अंदाजानं हसायचा, अंदाजानं हळहळायचा आणि घरी येताना चोरासारखा यायचा.

त्यात या थंडीत त्याचा गुडघा धरला. रसूलचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि नव्या सास्तुरातले रस्ते हे असे लांबरुंद. भूकंपाआधीच्या गावात हा प्रश्नच नव्हता. तिथं दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, हातभर रुंदीची, दगडमातीची. त्या भिंतीत बब्रुवानच्या आजोबांच्या काळापासून एक भोक होतं. त्यातून विस्तव जायचा, मीठमिरची जायची, आणि बोलणं तर दिवसभर चालू असायचं. त्या पहाटे ती भिंत दोन्ही घरांवर पडली. बब्रुवान कारखान्यावर होता. रसूल बाजाराच्या गावाहून धावत आला आणि त्यानं आपल्या घराला हात लावायच्या आधी बब्रुवानची आई उकरून काढली, कारण दगडांखालून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. म्हातारी पुढं पुष्कळ जगली. नवीन घरं मिळाली ती ज्याच्या-त्याच्या जमिनीच्या हिशोबानं मिळाली. बब्रुवानला जमीन बरी, त्याचं घर या टोकाला. रसूलला नावापुरती, त्याचं त्या टोकाला.

फोन करून पाहिला होता. फोनवर रसूलचं बोलणं आणखीच गढूळ व्हायचं. वर मिनाज फोन त्याच्या कानाशी धरून उभी, आणि बब्रुवान इकडून "हं, बोल," म्हणतोय. बोल म्हटलं की बोलावं लागतं. रसूलनं दोनच दिवसांत तोंड फिरवलं.

तेव्हा बब्रुवानच्या डोक्यात आलं, की फोन नको, भिंतीतलं भोकच पाहिजे. ज्याला नंबर नाही, जे उचलायचं नाही, ठेवायचं नाही. दिवसभर उघडं. बोलावंसं वाटलं तर बोलावं, नाहीतर पलीकडच्या घरातली भांडी वाजलेली ऐकावीत.

आणि मग स्पीकर उघडणं सुरू झालं. खालचे रबरी पाय नखानं उपटले की त्याखाली स्क्रू लपवलेले असतात, हे त्याला पाठ होतं. पहिल्याच डब्यात दोन्ही बाजूंना जाळी आणि जाळीमागं दोन स्पीकर दिसत होते. उघडल्यावर कळलं, एक खरा, दुसरा नुसताच दाखवायचा. त्याला ना चुंबक ना वायर. दुसऱ्या डब्याच्या तळाशी लोखंडाचा एक जाड तुकडा गोंदानं चिकटवलेला सापडला. त्याचं काम एवढंच, की हातात घेणाऱ्याला माल वजनदार वाटावा.

"बघ, बघ," तो तुकडा दाखवत त्यानं गिरिजाबाईला बोलावलं. "भाविकाला लोखंड विकायलेत."

"तुमी कारखान्यातनं आणलेलं लोखंड तरी कुठं इकत आणलं व्हतं," ती म्हणाली. बब्रुवाननं तो विषय वाढवला नाही.

पण थट्टा बाजूला ठेवली तर त्या भिकार डब्यांत त्याला लागणारं सगळं होतं. चार्ज होणारा सेल होता, त्याला चार्ज करणारी पट्टी होती, आवाज वाढवणारा बोटाच्या पेराएवढा बोर्ड होता, आणि चालू स्पीकरवर फोन आला तर बोलता यावं म्हणून मसुराच्या डाळीएवढा माईकही होता. कुणाचा सेल फुगलेला, कुणाची चार्जिंगची पिन मोडलेली, कुणाच्या स्पीकरचा कागद उंदरानं कुरतडलेला. चांगलं ते एका ताटात, वाईट ते दुसऱ्या ताटात. गिरिजाबाईला संध्याकाळी भाकरीसाठी ताट मिळेना. सोल्डरचा आणि राळेचा वास घरभर भरून राहिला, पण या वेळी नवरा उघडलेली वस्तू जोडतोय, हे बघून ती गप्प होती.

शेवटी बिस्किटाचे दोन पत्र्याचे डबे तयार झाले. प्रत्येकात ऐकायला एक स्पीकर आणि बोलायला एक माईक. लाईट गेली तरी चालावं म्हणून आत सेल, आणि तो भरायला चोवीस तास लावून ठेवायची पिन. तारेचा प्रश्न टेलिफोन खात्यानं कधीच सोडवून ठेवला होता. गावातले घरचे फोन बंद पडून वर्षं झाली होती आणि त्यांच्या काळ्या वायरी झाडाझाडांवर तशाच लोंबकळत होत्या. बब्रुवाननं त्या उतरवल्या, तुटल्या तिथं जोडल्या, आणि विजेच्या खांबांपासून लांब ठेवून, कुणाच्या गच्चीचा कठडा तर कुणाचा लिंब असं करत गावाच्या दुसऱ्या टोकाला नेल्या. गुडघा खालीच राहिला. झाडावर चढायला त्यानं माणूस लावला आणि स्वतः खालून ओरडत राहिला.

वाटेत रेवणसिद्धची पिठाची गिरणी होती. त्याच्या पत्र्यावरून तार न्यायची तर त्याला विचारणं आलं.

"न्या की," रेवणसिद्ध म्हणाला. "फकस्त त्या तारेतनं आमचं बोलणं ऐकत बसू नका मंजे झालं."

"तारेला कान नसतेत रे," बब्रुवान म्हणाला. "कान डब्यात असतेत."

एक डबा रसूलच्या कोनाड्यात बसला, दुसरा बब्रुवानच्या घरात. पहिल्या दिवशी तिकडून मिनाजचा आवाज आला. "काका, हॅलो? हॅलो?"

"हॅलो म्हणायचं न्हाय गं. ह्यो फोन न्हाय. तू तुझं काम कर. नुसतं चालू राहू दे."

ती गोंधळली असावी. मग तिची पावलं लांब गेली. थोड्या वेळानं शेळी ओरडली, कुणीतरी घागर ठेवली, खाट करकरली. सगळं इतकं जवळून, की गिरिजाबाईनं पदर सावरला. रेवणसिद्धची गिरणी सुरू झाली की डब्यात बारीक घूं व्हायचं. बाकी आवाज निर्मळ होता. बराच वेळ तिकडून काहीच आलं नाही. बब्रुवान ओट्यावर पाय पसरून जुना पंखा खोलत बसला. आणि मग, कुणी बोल म्हणालेलं नसताना, रसूल बोलायला लागला. थांबत, अडखळत, पण बोलत राहिला. बब्रुवानला फार आनंद झाला. त्यातलं कळलं काहीच नाही, पण तो पंखा खोलता खोलता "व्हय, व्हय," म्हणत राहिला.

आठ-दहा दिवस असे गेले. मिनाज एकदा डब्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "काका, अब्बा आता सकाळी उठल्या उठल्या डब्याकडं तोंड करून बसतेत. भिंतीकडं न्हाय." बब्रुवान त्या दिवशी चहा प्यायला विसरला.

तक्रार आली ती घरातूनच. "घरात धड बोलायची सोय राहिली न्हाय," गिरिजाबाई म्हणाली. "म्या तुमाला चार शब्द बोलायचे म्हणलं तर रसूलभावजी ऐकणार. बटण बसवा एक."

मागणी रास्त होती. बब्रुवाननं एका मेलेल्या टेबललॅम्पचं बटण काढून डब्याच्या अंगावर बसवलं. दाबलं की पलीकडचं घर गप्प, पुन्हा दाबलं की चालू. त्यानं दोनदा दाबून बघितलं आणि खूश झाला.

त्याच दिवशी संध्याकाळी रसूल पुष्कळ वेळ बोलला. मधेच थांबला, पुन्हा तेच बोलल्यासारखा बोलला, आवाज चढवला. बब्रुवाननं नेहमीप्रमाणे हुंकार भरले. तिकडं शेवटी शांत झालं. गिरिजाबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती.

"आज लई जीव तोडून बोलत व्हते भावजी," ती म्हणाली. "काय म्हणत व्हते?"

बब्रुवाननं आधी उठून बटण दाबलं. मग पाटावर येऊन बसला.

"मला काय ठाव," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "मंजे?"

"आगं, मला एक अक्षर कळत न्हाय त्याचं. झटका आल्यापासनं न्हाय. म्या आपला व्हय व्हय करतो." एवढं बोलल्यावर त्याला थांबता येईना. इतके दिवस आत दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. "कंटाळलो म्या आता. तुला सांगू का, रसूल गेला. त्यो उनाळ्यातच गेला. आता खाटंवर दुसरंच कुणीतरी पडलंय, अन् म्या त्याच्यापुढं नंदीबैलावानी मान हलवतो."

"आसं बोलू नका," गिरिजाबाई म्हणाली.

"खरं तेच बोलायलोय."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं ते पाहिलं आणि धूर लागला असावा असं दाखवून भाकरी उलटली. जेवण झाल्यावर त्यानं बटण पुन्हा चालू केलं. तिकडं सामसूम होती. रसूल झोपला असेल असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी डब्यातून शेळी ऐकू आली, घागर ऐकू आली, मिनाजची झाडलोट ऐकू आली. रसूल ऐकू आला नाही. बब्रुवाननं हाका मारल्या. "रसूल. ए रसूल. उठला का न्हाय?" उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माईकची वायर सुटली असेल म्हणून त्यानं डबा खोलला, जोड तपासले, पुन्हा लावला. तार कुठं तुटली असेल म्हणून काठी टेकत सगळी तार बघत निघाला. रेवणसिद्धच्या पत्र्यावर ठीक, लिंबावर ठीक. तार कुठंच तुटली नव्हती. तसं पाहिलं तर ती तुटली असती तर शेळीही ऐकू आली नसती, हे वायरमनच्या ध्यानात यायला हवं होतं. पण माणसाला जे नको असतं ते ध्यानात यायला वेळ लागतो.

तारेमागं तो रसूलच्या घरी पोचला, तेव्हा रसूल भिंतीकडे तोंड करून पडला होता. बब्रुवान खाटेशी बसला, खाकरला, गुडघ्याबद्दल बोलला, पंख्याबद्दल बोलला. रसूलची पाठ हलली नाही. डबा कोनाड्यात होता आणि त्यावर मिनाजची जुनी ओढणी टाकलेली होती.

मिनाज त्याला पोचवायला अंगणात आली. ती जमिनीकडे बघत होती.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवशी तुमी काकूला जे बोललाव, ते हितं सगळं ऐकू आलं."

"कसं ऐकू येईल? बटण बंद व्हतं."

"तुमाला आमचं ऐकू येत नसंल. आमाला तुमचं रोज येतं. बटणाचा काय उपेग न्हाय काका. मला वाटलं तुमाला ठाव हाय."

बब्रुवान तिथंच उभा राहिला. डोक्यात सगळी वायरिंग लख्ख दिसली. बटण त्यानं स्पीकरच्या वायरीवर बसवलं होतं. दाबलं की आपल्याला ऐकू येणं बंद, एवढंच. माईकला त्यानं हातही लावला नव्हता. आपला कान बंद करून तोंड उघडं ठेवलं होतं, आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बटणाच्या बाबतीत ही चूक त्याच्याकडून झाली नसती. कारखान्यात शिकाऊ पोरानं असं काम केलं असतं तर त्यानं पोराचा उद्धार केला असता.

"त्यानं सगळं ऐकलं?" त्यानं विचारलं.

"व्हय," मिनाज म्हणाली. "जेवले न्हायत त्या दिवशी."

बब्रुवान घरी आला. शरमेनं त्याचे कान तापले होते. गिरिजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि तीही खाली बसली. "आता वं?" ती म्हणाली.

त्यानं पक्कड घेतली आणि पहिल्यांदा ते बटण उपटून काढलं. वायरी सरळ जोडल्या. मग डबा पुढ्यात घेऊन बसला. समोरासमोर बोलायला आपल्याला जमणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्याला जन्मभर बोलायचं काम पडलं नव्हतं. ते काम रसूलचं.

"रसूल," तो म्हणाला. "ऐकायलास का ठाव न्हाय. मला तुझं बोलणं कळत न्हाय. आदी सांगायला पायजे व्हतं. तुला वाईट वाटंल म्हणून न्हाय सांगितलं, अन् त्यापरीस वाईट बोलून बसलो." त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. "आता खोटं व्हय म्हणणार न्हाय. कळलं न्हाय तर न्हाय म्हणंन. तू परत सांगायचं. शंभरदा सांगायला लागलं तर शंभरदा. म्या हितंच बसलोय. बटण काढून टाकलंय."

तिकडून काही आलं नाही. ओढणीखालून पोचलं की नाही, कोण जाणे. बब्रुवान उठला नाही. उन्हं ओट्यावरून खाली उतरली, गिरणी सुरू झाली आणि बंद झाली. गिरिजाबाईनं फोडणीला लाल मिरची टाकली आणि गप्पा मारायला कुणी नसल्यामुळे तिचं लक्ष उडालं. घरभर मिरचीचा खाट सुटला. दोघं खोकून खोकून बेजार झाले.

त्या खोकल्यात डब्यातून आवाज आला. एकच शब्द होता, जाड आणि रागीट.

बब्रुवान सरसावून बसला. जुनी सवय जिभेवर आली होती, ती त्यानं गिळली. "न्हाय कळलं," तो म्हणाला. "परत सांग."

रसूलनं परत सांगितलं.

"न्हाय कळलं."

आता रसूल ओरडला. पूर्वी याच जागी बब्रुवान घाबरून हसला असता. "वरडलास तरी न्हाय कळलं," तो म्हणाला. "हळू सांग. एक-एक अक्षर."

तिकडं मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला. मग एक तुकडा. मग थांबून दुसरा. फोडणीचं भांडं खाली उतरवून गिरिजाबाईही येऊन बसली. दोघं डब्यावर वाकले. शेवटी तीच म्हणाली, "आवो, मिरची म्हणायलेत. मिरची करपली."

"मिरची करपली म्हणलास?" बब्रुवाननं विचारलं.

डब्यातून जो हुंकार आला तो होकाराचा होता, त्यात शंका नव्हती. उन्हाळ्यापासून रसूलचं कळलेलं हे पहिलं बोलणं. ते आपल्या स्वयंपाकाची बदनामी करणारं होतं, याचं गिरिजाबाईला काहीच वाटलं नाही. ती हसत आत गेली आणि आत जाऊन तिनं डोळे पुसले.

ओढणी निघाली असावी, कारण आता खाटेची करकर जवळून येत होती. रसूल पुन्हा बोलायला लागला. या वेळी लांबलचक. बब्रुवाननं ऐकलं आणि सांगितलं, "कळलं न्हाय." रसूलनं तेच पुन्हा म्हटलं. चढाला लागलेली बैलगाडी ओढावी तसा तो एकेक शब्द ओढून आणत होता. एकदा बब्रुवानला वाटलं कळलं, आणि तो "कळलं," म्हणाला. त्यावर रसूलनं दोन शब्द टाकले. ते मात्र लगेच समजले.

"सांग बरं," रसूल म्हणत होता. आता त्याचा नुसत्या 'कळलं'वर भरवसा नव्हता. जे कळलं ते म्हणून दाखवायचं होतं.

बब्रुवाननं म्हणून दाखवलं, ते चुकलं. रसूल चिडला आणि पुन्हा पहिल्यापासून लागला. मिनाज तिकडं जवळच असावी. तिच्या बांगड्या वाजल्या. तिला कळलं असणार, पण ती मधे बोलली नाही. बब्रुवान डोळे मिटून ऐकायला लागला. पहिला शब्द 'म्या' होता, तेवढा पक्का झाला. मग 'कुठं'. मग एक असं काहीतरी, जे रसूलनं चार वेळा म्हटलं, प्रत्येक वेळी वेगळं. बब्रुवान नुसता "परत," म्हणत राहिला आणि रसूल परत म्हणत राहिला, आणि दोघांपैकी कुणीही सोडलं नाही.

चौथ्या वेळी ते त्याला लागलं. आधी त्याला ते कानात कळलं आणि मग छातीत.

"सांग," डबा म्हणाला.

बब्रुवाननं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. आत गिरिजाबाई हातातलं काम थांबवून ऐकत होती हे त्याला ठाऊक होतं, तिकडं सून ऐकत होती हेही ठाऊक होतं.

"तू म्हणलास," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, म्हणून त्यानं पुन्हा सुरुवात केली. "तू म्हणलास, म्या कुठं गेलो न्हाय. हितंच हाय."

पलीकडं खाट करकरली.

"बराबर," रसूल म्हणाला. आणि लगेच पुढचं काहीतरी बोलायला लागला, भराभर, जुन्या सवयीनं, कारण सांगायचं फार साठलं होतं.

बब्रुवाननं डबा आणखी जवळ ओढला. "हे न्हाय कळलं," तो म्हणाला. "परत सांग."